गंजलेला होकार

हे कोणी मानणार नाही. मानू नये असंच मी म्हणेन, कारण मी स्वतः अजून पुरतं मानलेलं नाही, आणि मी तर तिथं होतो. पण ज्या तोंडातून ही गोष्ट बाहेर येते आहे तेच तोंड एकदा गंजून बंद पडलं होतं, जुनं कुलूप गंजावं तसं. ते पुन्हा उघडलं म्हणून आज मला घर आहे, अंगण आहे, आणि अंगणातल्या चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून चरबी ढवळणारी ओदिल आहे.

त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला होता. तो डोंगर ओलांडून खाली उतरला की पिरेनीजची शिखरं हात लांब करून शिवता येतील इतकी जवळ दिसायला लागतात, आणि आमच्या मादिराँच्या टेकड्यांवर कोणी जागेवर बसत नाही. दारं आपटतात, कुत्री स्वतःच्याच शेपटीवर भुंकतात, माणसं उठून आत जातात, कशाला आलो ते विसरतात आणि पुन्हा बाहेर येतात. बदकं कापायचा दिवस मात्र ठरलेला होता, तो वाऱ्यासाठी पुढं ढकलता येत नाही. शेजारचा उर्बाँ हाताखाली आला होता. त्याच्याबरोबर त्याचा नवा जावई, तिबो. वायव्येकडच्या किनाऱ्यावरचा, तिशीतला, हसऱ्या तोंडाचा माणूस. बदकाचं पीस कधी उपटलेलं नव्हतं, पण उपटत होता.

जेवायची वेळ झाली तेव्हा तिबोनं खिशातून तारल्यांचा डबा काढला. त्याच्या गावचा, आमच्यासाठी चांगल्या मनानं आणलेला. झाकण गुंडाळत मागं सारलं, पावाच्या तुकड्यावर एक तारली ठेवली आणि दुसऱ्या हातानं माझ्या बाटलीतून स्वतःचा ग्लास भरून घेतला. मी बदकाची मांडी टाकून उठलो आणि त्याच्या ग्लासावर तळहात ठेवला.

"एकतर मासा, नाहीतर ही," मी म्हटलं. "दोन्ही एका तोंडात नाही."

"का आजोबा, पाप लागतं?"

"पाप परवडलं."

उर्बाँनं डोळे मिटून घेतले. "झालं. आता हा लग्नाची गोष्ट सांगणार. जावईबापू, खुर्ची ओढून घ्या. संध्याकाळपर्यंत सुटका नाही."

"तुम्ही ऐकलीय?" तिबोनं सासऱ्याला विचारलं.

"पुष्कळ वेळा. दर वेळी निराळी होती."

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चुलीकडे बघितलं. ओदिलचा डाव तांब्याच्या कढईत फिरत होता, थांबला नव्हता. म्हणजे सांगायला हरकत नव्हती.

"आमची वाइन म्हणजे काय ते आधी समजून घे," मी तिबोला म्हटलं. "ताना नावाचं द्राक्ष. मणी लहान, साल जाड, आत बियाच बिया. द्राक्षाच्या बिया कधी चावून बघितल्यास? गाल आतून दातांना येऊन चिकटतात, जीभ खरखरीत होते. त्या तुरटपणात काळी रानतुती घाल, कडू कोको घाल, चुलीचा धूर घाल, आणि घोड्याच्या जुन्या खोगिराचा वास. ही आमची वाइन. रंग असा, की ग्लास डोळ्यासमोर धरला तर पलीकडचा माणूस दिसत नाही. माझ्या वडिलांना ती सोय वाटायची. दहा वर्षं अंधारात पडून राहिली तर मऊ होते, गोड बोलायला लागते. पण तरणी असताना तिला एकट्यानं भेटायचं नाही. मध्ये कोणीतरी लागतं."

"कोण?"

"चरबी. बदकाची, हंसाची, डुकराची, कोणाचीही. चरबी तिचे दात काढून घेते आणि ती चरबीला धुऊन नेते. दोघींचं भांडण तुझ्या तोंडात मिटतं आणि सुख तुला. म्हणून आमच्याकडे बदक, घेवड्याच्या दाण्यांत शिजवलेलं सॉसेज, नाहीतर डोंगरातलं मेंढीचं चीज. कोबीचा रस्सा संपत आला की वाडग्याच्या तळाशी ही ओतायची, गोल फिरवायची आणि वाडगाच तोंडाला लावायचा. तेही चालतं, कारण रश्श्यावर तवंग असतो. पाहुण्याची हनुवटी चकाकायला लागल्याशिवाय माझे वडील त्याचा ग्लास भरत नसत. आणि मासा तर या टेबलावर येतच नाही."

तिबोनं पावावरच्या तारलीकडे बघितलं. ठेवूनही देईना, खाईही ना.

"माझ्या लग्नाच्या आधीचा उन्हाळा असा कोरडा गेला," मी म्हटलं, "की आदूर नदीत बदकं चालत जायची. द्राक्षाचा मणी वाटाण्याएवढा झाला. त्या वर्षीची वाइन इतकी आवळलेली होती, की वडिलांनी दुरुस्तीसाठी एका पिंपाची लोखंडी कडी काढली, फळ्या बाजूला पडल्या, आणि वाइन पिंपाच्या आकारात तशीच उभी राहिली."

"आणि तू तिला टेकून झोपलास," उर्बाँ म्हणाला.

"वडील झोपले. मला काम होतं."

काम होतं ते पिंपं पोचवायचं. पूर्वी आमची वाइन आदूर नदीतून होड्यांनी खाली बायोनच्या बंदराला जायची आणि तिथून मोठ्या जहाजांनी उत्तरेला. माझ्या काळात होड्या गेल्या आणि ट्रक आला. तो मी चालवायचो. समुद्रकाठी एक लहान बंदर होतं. नाव सांगत नाही, तिथले लोक अजून माझ्यावर खार खाऊन आहेत. त्या बंदराच्या धक्क्यावर ओदिल मासे विकायची. बाह्या कोपरापर्यंत वर, हातावर खवले चमकणारे, आणि जीभ अशी, की भाव करायला आलेला माणूस जास्त पैसे देऊन जायचा. मी मासे खात नव्हतो. तरी दर खेपेला टोपलीभर घ्यायचो आणि परतीच्या वाटेवर मांजरांना टाकायचो. पुढं पुढं मांजरं नदीच्या पुलापर्यंत सामोरी यायला लागली. आधी मांजरं दिसतात, मग ट्रक, आणि सगळ्यात शेवटी तू, असं आई म्हणायची.

इथं मी थोडा थांबलो. कढईतून डावाचा आवाज येत राहिला. म्हणजे मांजरं चालली.

"तिचा बाप ओनोरे," मी पुढं सांगायला लागलो. "खोल समुद्रातला माणूस. जमीन त्याला दोर बांधण्यापुरती लागायची. मी मागणी घालायला गेलो तर जाळं दुरुस्त करता करता, वर न बघता म्हणाला, 'काय पिकवतोस?' मी मान ताठ करून सांगितलं. तर म्हणतो, 'हां, ती होय. घेतली होती आम्ही मागं एक पिंप. जाळी बुडवायला. अजून कुजलेली नाहीत.'"

तिबो हसला. "आमच्याकडे आजोबा झाडाची साल उकळून त्यात बुडवायचे जाळी. टिकतात तुरट पाण्यानं."

"बघ. निदान साल तरी उकळायचे. यांनी माझ्या बापाची वाइन घेतली."

"मग मुलगी दिली कशी?"

"मुलीनं स्वतःला दिली. बापानं फक्त दिवस ठरवला. आणि तिथंच त्यानं मला गाठलं."

आमच्याकडे लग्न नगराध्यक्ष लावतो, आणि तिथला नगराध्यक्ष कुपा मासे मारणाऱ्या होडीचा कप्तान होता. वसंतात तो होडीच्या डागडुजीत बुडालेला असायचा, आणि एकदा कुपा मारायला निघाला की आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जायचा तो शरदात चेस्टनट पडायला लागेपर्यंत परत यायचा नाही. ओनोरेनं लग्न ठरवलं ते नेमकं होड्या निघायच्या सकाळी. म्हणाला, "अकराच्या सुमाराला भरती पुरी होते. उतरायला लागली की बंदराच्या तोंडावरचा वाळूचा दांडा वर येतो, मग होडी बाहेर पडत नाही. तेवढ्यात तुझं आटप. तो निघाला आणि तुझं राहिलं, तर मी दुसऱ्यांदा माणसं गोळा करणार नाही. माझ्या मुलीला सांगून आलेली दोघं इथंच आहेत, आणि ती दोघं मासे खातात."

"उपाध्यक्ष नव्हता का गावाला?" उर्बाँनं विचारलं. "तो लावतो की लग्न."

"उपाध्यक्ष त्याच होडीवर इंजिन बघायचा."

"आणि कारकून?"

"जाळी ओढायचा. अख्खी नगरपालिका त्या होडीवर होती, उर्बाँ. लोक म्हणूनच तिथं सुखात होते."

त्या सकाळी मी पहाटेच निघालो. बरोबर माझा काका झेफिराँ, करवल्याच्या जागी. काकाचा एकच दोष होता, त्याला प्रत्येक गोष्ट सांगायच्या आधीच समजायची. ट्रकमध्ये मागं त्या कोरड्या वर्षीचं पिंप, आणि काकाच्या मांडीवर आईनं दिलेलं मडकं. बदकाच्या मांड्या त्यांच्याच चरबीत मंद शिजवून, मडक्यात रचून, वर चरबीचा चार बोटं जाड पांढरा थर ओतून बंद केलेलं. आमच्या घरची रीत अशी, की हे मडकं सुनेच्या हाती जातं आणि तो थर तीच फोडते, नव्या घरातल्या पहिल्या जेवणाला. त्याआधी कोणी बोट लावायचं नाही. मी ओदिलच्या दाराशी गेलो, तिच्या मावशीच्या हाती मडकं दिलं, मडकं आत गेलं, दार बंद झालं. नगराध्यक्षानं लग्न लावेपर्यंत नवरीचं तोंड बघायचं नाही, ही त्यांची रीत. म्हणजे त्या गावात त्या सकाळी बदकाची चरबी म्हणून जी काय होती ती सगळी एका बंद दाराआड गेली. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आलं नाही. माणूस लग्नाच्या सकाळी चरबीचा विचार करत नाही.

आणि वारा हाच, दक्षिणेचा. धक्क्यावर होड्या दोरखंडांना हिसके देत होत्या. निशाणं फडफडत होती, बायकांचे रुमाल उडत होते, होडीवाले उगाचच वर चढत होते आणि खाली उतरत होते. मीही चालत होतो, धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कॉलर काचत होती.

ओनोरेनं निखाऱ्यांवर तारल्या लावल्या होत्या. म्हणाला, "आमच्यात जावई लग्नाला उभा राहण्याआधी सासऱ्याच्या जाळ्यातलं खातो."

"खाईन," मी म्हटलं.

"आणि वर तुझी ती ओत. सगळे बघतायत. का ती जाळ्यांसाठीच आहे?"

"आता लक्षात घे," मी तिबोला म्हटलं. "मादिराँच्या माणसाला कोणी शिवी दिली तर तो विचार करतो. पण त्याच्या वाइनला कोणी हसलं, की तो ती तिथल्या तिथं पिऊन दाखवतो. पोटात काही असो नसो. आमच्यातला एकही असा नाही ज्यानं हे केलं नाही. विचार तुझ्या सासऱ्याला."

"एकदाच," उर्बाँ म्हणाला. "आणि मी चीज खाल्लं होतं."

"मी तारली खाल्ली. चांगली होती, खोटं कशाला बोलू. खारी, तेलकट, कडेनं कुरकुरीत. मग काका पिंपातून काठोकाठ ग्लास भरून घेऊन आला आणि मी तो एका दमात रिकामा केला. आधी काहीच झालं नाही. होडीवाल्यांची तोंडं पडलेली बघून मला बरं वाटलं. आणि मग जिभेवर लोखंड आलं. नांगराची साखळी चाटावी तसं. मासा आणि ताना एकत्र आले की तशीच चव येते, कुठल्याही वर्षीची असली तरी. पण एरवी ती थोडी येते. त्या वर्षीच्या वाइनला थोडं हा शब्द ठाऊक नव्हता. लोखंड मागच्या दाढांपर्यंत पसरलं. तुरटपणानं दोन्ही गाल आत ओढले. त्यावर समुद्राची खारी हवा आणि वारा. आणि कर्र असा आवाज झाला. मी ऐकला, काकानं ऐकला, ओनोरेनंही ऐकला. माझा जबडा बंद झाला होता. इथं, कानाखाली जिथं बिजागरी असते तिथं बोट लावलं, तर बोटाला तांबूस पूड लागली."

"गंज," तिबो म्हणाला.

"गंज."

उर्बाँ म्हणाला, "मागच्या वेळी झटका आला होता म्हणालास."

"मागच्या वेळी समोर डॉक्टर बसला होता. त्याला गंज सांगून काय कळणार."

तिबोनं तारलीचा पाव हळूच ताटलीत ठेवला आणि ताटली जरा दूर सरकवली.

"काकाला लगेच समजलं. म्हणजे त्याला वाटलं की समजलं. 'गंज आहे ना, तेल लागतं,' म्हणाला आणि पळाला. धक्क्यावरच्या दुकानातून बाटली घेऊन आला आणि माझ्या दातांच्या फटींतून ओतली. तेल होतं कॉड माशाचं."

"अरे देवा," तिबो म्हणाला.

"माशावर मासा. आधी नुसतं बंद होतं, आता पक्कं झालं. मग होडीवाले सल्ले द्यायला लागले. एकानं इंजिनाचं ग्रीस आणलं. एकानं कालवं उघडायची सुरी आणली आणि माझ्या ओठांकडे कौतुकानं बघायला लागला. ओनोरे कमरेवर हात ठेवून उभा. 'मुलगा शांत आहे,' म्हणाला. 'पहिल्यांदाच आवडला मला.'

"आणि पाणी चढत होतं. मला ते धक्क्याच्या पायऱ्यांवर दिसत होतं. एक पायरी बुडली. मग दुसरी. शेवटची राहिली. कुप्याची होडी धूर सोडायला लागली, भोंगा वाजवायला लागली. मी चालत होतो, थांबता येत नव्हतं. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. हो म्हणायचं, तेवढंच होतं. आयुष्यभर मी नको तिथं नको तेवढं बोललो. शाळेत बोललो, चर्चमध्ये बोललो, सैन्यात असताना कर्नल बोलत असताना बोललो. आणि आता एक शब्द हवा होता, लहानातला लहान, आणि तो आत बसून दारावर धडका मारत होता.

"मग मला मडकं आठवलं. ओदिलच्या घरात, त्या दाराआड, चार बोटं जाड चरबी. एक बोट पुरलं असतं. मी काकाचा हात धरला आणि त्याला खुणेनं सांगायला लागलो. बदक कसं सांगायचं? कोपर दुमडले, हात पंखांसारखे हलवले, गुडघ्यांत वाकून धक्क्यावर डुलत डुलत चाललो. काकाला लगेच समजलं. 'उडायचंय त्याला,' म्हणाला. 'पोरगा घाबरलाय, पळून जायचंय.' मी मान हलवली, नाही, नाही, आणि आणखी जोरात डुललो. एका म्हाताऱ्या होडीवाल्याला माझी दया आली. त्यानं माझ्या दिशेनं पाव भिरकावला, समुद्रपक्ष्यांना टाकतात तसा. मग सगळेच टाकायला लागले. मी नवऱ्याच्या काळ्या कोटात, पावाच्या तुकड्यांच्या पावसात, त्या अख्ख्या गावासमोर बदक होऊन फिरत होतो. ओदिलच्या घराखालूनही गेलो. वर खिडकीचा पडदा हलला. मी आणखी एक फेरी मारली. आणि नगरपालिकेची घंटा वाजली."

कढईतला डाव आता हळू फिरत होता. चरबी वितळून सोनेरी झाली होती, तिचा वास अंगणभर होता, आणि वारा तो वास घेऊन दारांवर आपटत होता. उर्बाँ दोनदा उठला होता आणि दोनदा बसला होता. तिबोनं ग्लासाला अजून हात लावला नव्हता.

"नगराध्यक्ष रबरी बुटांत उभा होता," मी म्हटलं. "अंगात तेलकापडाचा कोट, त्यावरून पदाचा तिरंगी पट्टा. एक पाय टेबलाकडे, एक दाराकडे. खिडकीतून पाणी दिसत होतं. पाणी आता हलत नव्हतं. समुद्राकाठचा माणूस आहेस, तुला सांगायला नको."

"भरती पुरी झाली," तिबो म्हणाला. "आता फिरणार."

"आता फिरणार. ओदिल आली. मावशीबरोबर, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, पांढरे हातमोजे. माझ्याकडे बघितलं नाही. नगराध्यक्षानं कायद्याची कलमं माणूस पायऱ्या उतरताना मोजतो तशी वाचली. 'मादमोझेल ओदिल, यांना पती म्हणून स्वीकारता?' ती म्हणाली, हो. स्वच्छ, मासळीबाजारात म्हणावं तसं, खालच्या होडीवरही ऐकू गेलं. 'मुसियो ग्रासियाँ, यांना पत्नी म्हणून स्वीकारता?'

"मी जोर केला. कानाखाली कर्र झालं, पूड खांद्यावर पडली. बाकी काही नाही. नगराध्यक्ष म्हणाला, 'मुसियो?' खालून भोंगा वाजला. उपाध्यक्ष ओरडला, 'कप्तान, पाणी फिरलं.' नगराध्यक्षाचा टेबलाकडचा पाय उचलला गेला. ओनोरेनं टोपी हातात घेतली, म्हणजे घरी जायची तयारी. काकानं माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली, की तेल बाहेर येईल असं वाटलं. आणि मी ओदिलकडे बघितलं. लग्न होईपर्यंत बघायचं नसतं, पण लग्न तर होतच नव्हतं. मग बघायला काय हरकत होती.

"तिनं उजव्या हाताचा मोजा काढला. सावकाश, एकेक बोट सोडवत. आणि बोटं चमकत होती. तिला कळलं होतं. खिडकीतून तिनं बदक बघितलं होतं, आणि त्या अख्ख्या गावात एकटीनंच ओळखलं होतं की हे बदक आहे, समुद्रपक्षी नाही, पळून जाणारा नवरा नाही, बदक. तिनं मडक्याचा थर फोडला होता. माझ्या घरात पाऊल टाकायच्या आधी, माझ्या आईची रीत मोडून. तिनं ते बोट माझ्या ओठांवरून फिरवलं, मग इथं, कानाखाली, या बाजूला आणि त्या बाजूला. आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. मीठ, लसूण, चरबी. आतली वाइन वितळली. माझ्या आयुष्यात मी तानाचा असा घोट घेतला नाही. लोखंड गेलं आणि मागं काळी रानतुती आली, कोको आला, धूर आला, एकामागून एक, खोल. बिजागरी सैल झाली. तोंड उघडलं.

"आणि मी म्हणालो, हो. इतका वेळ अडकून पडलेला शब्द, तो काय हळू येणार आहे? खिडक्यांची तावदानं हलली. धक्क्यावरचे पक्षी एकदम उडाले. कुप्याच्या होडीचा दोर आपोआप सुटला आणि त्या आवाजाच्या धक्क्यानंच ती वाळूच्या दांड्यावरून बाहेर गेली. नगराध्यक्षाला पोहून तिला गाठावं लागलं, पट्ट्यासकट. म्हणून ते लोक अजून चिडून आहेत. ओनोरेनं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, 'बास, ऐकू आलं.'"

मी तिबोच्या ग्लासावरचा हात काढला. चुलीजवळच्या ताटातून बदकाची शिजलेली मांडी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. "आता पी," म्हटलं.

उर्बाँ माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या मागं बघत होता. कढईतला आवाज थांबला होता. ओदिलनं डाव कढईच्या कडेवर आडवा ठेवला, एप्रनला हात पुसले आणि चुलीकडे पाठ करून आमच्याकडे वळली. वाऱ्यानं तिचे पांढरे केस तोंडावर येत होते, ते तिनं मनगटानं मागं सारले. बोटं चरबीची होती.

"गंज म्हण, काय म्हणायचं ते म्हण," ती म्हणाली. "मांजरं असू दे, पोहणारा नगराध्यक्ष असू दे. मडक्याचा थरही मी फोडला होता, सकाळपासून उपाशी होते म्हणून. पण हो तू म्हणाला नाहीस. मी बोट लावलं, तोंड उघडलं, आणि आतून आवाज आला नाही. नगराध्यक्षाला घाई होती, तुझी मान जराशी हलली तेवढ्यावर त्यानं सही केली. मी समोरच उभी होते, ग्रासियाँ. तू अजून म्हणालेला नाहीस."